चांदव्याचा वाटा

आमच्या घराच्या भिंतीत खिळा जात नाही. लग्न होऊन आले तेव्हा घरात एकही तसबीर नव्हती, मला वाटलं माणसं अरसिक असावीत. मग एका दुपारी मी स्वतः हातोडी घेतली. पहिला खिळा वाकला. दुसरा उडाला, खिडकीतून बाहेर गेला आणि शेजारच्या मंदिराच्या घंटेवर जाऊन वाजला. अवेळी कोण भक्त आला म्हणून पुजारी बाहेर येऊन बघून गेला. चुना, गूळ, बेलाचा गर, उडदाचं पीठ असं सगळं खाऊन ती भिंत माजलेली आहे. जाडी म्हणाल, तर तिच्या खिडकीच्या कट्ट्यावर माझं शिवणयंत्र, इस्त्रीचं टेबल आणि बाळंतपणाला आलेली नणंद एवढं सगळं मी एकाच उन्हाळ्यात मांडलेलं आहे.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात हे घर; पारा म्हणजे इथली आळी. भोसल्यांच्या काळात आमची मंडळी नागपूरकडून इकडे आली, ती कारकुनी करायला आली असणार. सासरे मात्र सांगताना कमरेला तलवार लावून सांगतात. मी कापडाचं काम करते. रंगवते, कापते, कापडावर कापड लावून टाचते. एका प्रदर्शनवाल्यांनी माझ्यापुढे 'टेक्स्टाइल आर्टिस्ट' असं छापलं होतं. पाऱ्यात मी रंगवाली दीदी. वरच्या मजल्यावर माझ्या कढया आणि रांजण, आणि त्याच्याही वर गच्ची. त्या गच्चीवरून मंदिराचं शिखर इतकं जवळ की कळसावरच्या कावळ्याला मी नावाने हाक मारत असे, आणि तो ऐकत असे.

मंदिर रामाचं आहे, आणि देवाच्या डोक्यावरचा चांदवा आमच्या घरातून जातो. चांदवा म्हणजे गाभाऱ्यात छताखाली ताणलेलं लाल कापड, मधोमध सूर्य, कडेने पांढरी वेल. हा मान आमच्या घराला कोणी दिला ते कोणालाच माहीत नाही, त्यामुळे काढूनही घेता येत नाही. एकदा टांगलेला चांदवा विरेपर्यंत राहतो. विरला की रामनवमीला नवा चढतो आणि जुना उतरतो. उतरलेला चांदवा नदीत सोडत नाहीत. मंदिराच्या फरशीवर अंथरून त्याचे तुकडे करतात, पाऱ्यातल्या घरटी एक. घरात पाळणा हलला की तो तुकडा पाळण्याला बांधायचा. लग्न निघालं की वराच्या किंवा वधूच्या ओच्यात. आणि घरातलं जे माणूस पहिलं जाईल, त्याच्या छातीवर. तिथून तो परत येत नाही. मग पुढचा चांदवा उतरेपर्यंत ते घर रिकामं.

याला एकच नियम. ज्याने पारा सोडला त्याला वाटा नाही.

मी सांगते आहे त्या वर्षी जो चांदवा उतरायचा होता, तो माझ्या सासूबाईंच्या हातचा होता. त्यांच्याकडूनच मी आलाच्या, म्हणजे बारतोंडीच्या झाडाच्या, मुळीचा लाल शिकले. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या गेल्या तेव्हा घरात होता तो तुकडा त्यांच्यावर गेला, म्हणजे आमचं घरही रिकामंच होतं. नाना, म्हणजे माझे सासरे, या वर्षीच्या वाट्याकडे डोळे लावून होते. तोंडाने कधी बोलले नाहीत. पण मंदिरात गेले की हल्ली देवाकडे कमी आणि देवाच्या वर जास्त बघत.

आता भिंतीकडे परत येते, कारण भांडण भिंतीवरूनच झालं.

आमची एक भिंत शेजारच्या काकांच्या घराची पण भिंत होती. दोन घरं, मध्ये एक भिंत, इकडचे कोनाडे आमचे, तिकडचे त्यांचे. नाना आणि काका जन्मापासून शेजारी. म्हातारपणीही त्यांचं बोलणं भिंतीवर ठोकून चाले: नानांनी तपकिरीची डबी आपटली की काका चहाला येत. मग आमचं गाव राजधानी झालं. रात्रीतून आमच्या गल्लीत, जिथून दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला मंदिरात शिरावं लागतं, तिथे लालदिव्याच्या गाड्या शिरू लागल्या. शिरल्या त्यातली एक अजून बाहेर निघालेली नाही, असं मी पाहुण्यांना सांगते. जागेला सोन्याचा भाव आला. काकांच्या मुलाने नव्या वसाहतीत फ्लॅट पाहिला आणि काकांनी घर विकलं.

घेणाऱ्याने ते पाडलं. यंत्र आलं त्या दिवशी आमच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण रांगत उंबरठ्यापर्यंत आला. मधली भिंत राहिली, कारण ती पडतच नव्हती. पण तिची पलीकडची बाजू उघडी पडली. काकांच्या घरातले कोनाडे, दिव्याच्या काजळीसकट, गल्लीकडे तोंड करून उभे. काकूंचं मसाल्याच्या डब्यांचं फडताळ आभाळाखाली. आमच्या बाजूने जिन्यापासून छतापर्यंत एक भेग गेली. नाना त्या भेगेत बोट घालून उभे होते आणि एवढंच म्हणाले, "घर त्याचं होतं, विकलं. पाठ तं माही होती."

त्या दिवसापासून काकांचं नाव आमच्या घरात निघालं नाही.

नव्या चांदव्याचं कापड मी दसऱ्यालाच हाताशी घेतलं होतं. सबंध थंडी ते एरंडेल आणि राखेच्या पाण्यात मुरत होतं. घरात असा वास की आमचे हे, रेल्वेत गार्ड आहेत, मागून मागून जादा ड्यूटी घेत. तेल मुरलं की कापड धुवायचं, मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं, मग तुरटी, आणि शेवटी आलाची मुळी. हिरडा दिलेलं कापड पिवळसर होतं आणि फार लोभी असतं. जे लागेल ते धरून ठेवतं. लोखंड लागलं तर काळं होतं, आणि ते काळं मग कोणाच्या बापाला निघत नाही. म्हणून हिरडा वाळवताना मी गच्चीवर वाऱ्याकडे बघत बसते. वारा उत्तरेचा झाला की सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी येते, लोखंडाचीच ती. आमच्याकडे अनवाणी गच्चीवर गेलं की तळवे काळे होतात. पापड, वडे, गहू, सगळ्यावर ती बसते. म्हणून वारा फिरला की कापड खाली, हा माझा शिरस्ता.

त्या दिवशी वारा दक्षिणेचा होता, ऊन स्वच्छ. ओलं कापड अख्खी गच्ची भरून पसरलं होतं. आणि खालून काकूंची हाक आली.

घर विकल्यापासून त्या पहिल्यांदा येत होत्या. नाना बाहेर गेलेत याची खात्री करूनच आल्या असाव्यात. मी त्यांना वर माझ्या खोलीत बसवलं. त्या मधल्या भिंतीकडेच बघत होत्या, जिच्या पलीकडे त्यांचं फडताळ होतं. मग म्हणाल्या की काकांचं काही खरं नाही. घर सोडण्याआधी सतरा ठिकाणी नोकऱ्या करून शेवटची कितीतरी वर्षं ते सिलतऱ्याच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर होते, ट्रक मोजत. छातीत तेच बसलं. डॉक्टर आता घरीच ठेवा म्हणतात. ते रात्रंदिवस बोलत नाहीत, पण एक गोष्ट विचारतात.

"रामनवमीला उतरते ना चांदवा?" काकू म्हणाल्या. "तेच विचारून राहिले. मी म्हटलं, आपण पारा सोडला, आपल्याले कोण देते. तं म्हणतात, माहीत आहे मले. आणि मग पुन्हा विचारतात."

मी काहीबाही बोलत राहिले. चहा केला, पोहे केले, त्यांनी घास खाल्ला नाही. निरोप देताना त्या जिन्यात रडल्या, म्हणून मी त्यांना धरून पार रिक्षाच्या नाक्यापर्यंत गेले. परत येताना गाल थंड लागला तेव्हा वारा फिरलेला कळला. गच्चीवर पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती, वरून दव. मी कापडाला हातही न लावता उभी राहिले. सबंध पिवळ्यावर तिळाएवढे काळे ठिपके उमटत होते, जसे आभाळात एकामागून एक तारे उमटतात तसे, आणि मी डोळ्यांनी बघत होते. ही अतिशयोक्ती नाही.

काकूंना हे मी आजतागायत सांगितलेलं नाही.

लिंबाने काळं जातं, पण लिंबू हिरडाही नेतं, आणि तिथे मग लाल धरत नाही. मी एका कोपऱ्यावर करून पाहिलं, कोपरा कुष्ठ झाल्यासारखा दिसू लागला. दुसरं कापड घ्यावं तर तेलात मुरायला पुन्हा एक थंडी. म्हणजे नवा चांदवा पुढच्या रामनवमीला. आणि नवा चढला नाही तर जुना उतरत नाही. काका पुढची रामनवमी बघणार नव्हते.

मी ते ठिपक्यांसकट तुरटीत घातलं, आलात उकळलं. लाल असा आला की तसा सासूबाईंनाही कधी आला नसेल, गर्द, पिकल्या मिरचीसारखा. आणि त्यात सगळीकडे काळे ठिपके, जागच्या जागी. मी सूर्य लावला, वेल टाचली. नानांनी येऊन पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"हे काहून?"

मी म्हटलं, नवी पद्धत आहे. ते खाली गेले.

आता देवाच्या डोक्यावर काळं चालत नाही हे मलाही कळतं. पण मी काय हात बांधून बसणारी आहे का? मंदिरात मी तयारी करूनच गेले. पुजारी गाभाऱ्यासमोर फुलं निवडत होते. आमच्याच वयाचे, छत्तीसगढी गृहस्थ, आवाज कधी चढवत नाहीत. पाऱ्यातले तीन-चार म्हातारे खांबाला टेकून बसलेले. मी चांदवा उलगडला आणि कोणी तोंड उघडायच्या आत बोलायला सुरुवात केली. भोसल्यांच्या वेळी, मी म्हटलं, या मंदिराचा पहिला चांदवा असाच होता. तारांकित. सुभेदाराच्या बायकोला स्वप्न पडलं होतं की रामराया उघड्या आभाळाखाली झोपला आहे. तिने आमच्या पूर्वजांना बोलावून घेतलं आणि तारे मागितले. काळ्या धाग्याचे तारे, कारण चांदीचे लावले तर चोर येतील. मधल्या काळात ही कला लोपली. मी जुन्या पेटीतला एक तुकडा पाहून ती परत आणली. सुभेदाराच्या बायकोला मी नथ घातली, खोकला दिला, शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आणलं. म्हातारे माना डोलावत होते. एकाला तर आठवलंसुद्धा की त्याच्या आजोबांनी तसा चांदवा पाहिला होता.

पुजाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फुलांची टोपली बाजूला ठेवली.

"दीदी, कहानी बहुत बढ़िया है," ते म्हणाले. "पर भगवान के सिर पर कहानी नहीं टाँगते. हुआ क्या था?"

म्हाताऱ्यांनी माना थांबवल्या. मी सुभेदाराच्या बायकोला तिथेच सोडलं आणि सांगितलं. हिरडा, गच्ची, वारा, भुकटी. काकू आल्या होत्या हे सांगितलं नाही. सांगून झाल्यावर मला नेहमी जसं वाटतं, की आणखी एखादी फोडणी घालावी, तसं काही वाटलं नाही.

पुजारी उठले. कोपऱ्यातलं ओलं फडकं घेऊन आले आणि माझ्यासमोर धरलं. सकाळी पांढरं असणार ते. आता काळं होतं. हे रोज निघतं, ते म्हणाले, फरशीवरून, पायरीवरून, देवाच्या पायांवरून. आरतीआधी एकदा आणि नैवेद्याआधी एकदा पुसावं लागतं. भक्त घरी जाऊन तळवे बघतात आणि मंदिरात झाडू मारत नाही म्हणून त्यांना बोल लावतात.

"नीचे है तो ऊपर भी रहे," ते म्हणाले. "उसको भी तो पता चले."

म्हाताऱ्यांनी पुजाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि एकमताने मान्य केलं. सुभेदाराच्या बायकोचं काय, असं एकाने बारीक आवाजात विचारलं. पुजाऱ्यांनी फुलांची टोपली पुन्हा पुढे ओढली.

रामनवमीला नवा चांदवा चढला. जन्माच्या वेळी घंटा वाजल्या आणि मी वर पाहिलं. खालून, समयांच्या उजेडात, ठिपके दिसतही नव्हते. दिसत होते, पण मला.

दुपारी जुना उतरवून फरशीवर अंथरला. त्याचा लाल आता विटकरी झाला होता, सूर्याची किरणं विरून जाळी झाली होती. कापायचा मानही आमच्या घराचा, म्हणजे माझा. प्रत्येक घरचं मोठं माणूस समोर बसलेलं, नाना पहिल्या रांगेत. मी काय ठरवलं होतं ते सांगून टाकते: प्रत्येक तुकडा बोटभर अरुंद कापायचा. बोटभर कोणाला कळतं. शेवटी जे उरेल ते काकांसाठी पदरात.

दोन तुकडे कापले असतील, नानांचा आवाज आला. मोठ्याने नाही.

"सूनबाई, कैची सरळ चालव."

मी वर पाहिलं. ते कापडाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. त्यांच्या बायकोने घातलेले टाके त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होते, कुठली वेल कुठे मोडते ते. मी सरळ चालवली. घरं संपली तिथे कापड संपलं. शेवटचा तुकडा आमचा, सूर्याच्या एका किरणाचं टोक असलेला. नानांनी दोन्ही हात पुढे करून घेतला, कपाळाला लावला, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.

घरी आल्यावर मी काकूंचं सांगितलं. सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण आता कापड उरलं नव्हतं, लपवायलाही काही उरलं नव्हतं. काका काय विचारतात तेही सांगितलं. नाना पलंगावर बसून ऐकत होते, त्या भेगेकडे पाठ करून. त्यांनी एवढंच विचारलं की तो श्वास घेतो तं आवाज येते का. काकूंनी सांगितलं होतं की येतो, भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढा. पण तिथल्या भिंतींच्या पलीकडे कोणी ऐकणारं नाही.

नाना उठले. कोट घातला. चैत्रातल्या दुपारी कोट.

"स्कूटी काढ."

नव्या वसाहतीत सगळ्या इमारती सारख्या. नाना लिफ्टमध्ये चढायला तयार नव्हते. जिना चढताना मी त्यांचा हात धरायला गेले तर झटकला. दार काकूंनी उघडलं आणि त्या बाजूला झाल्या. काका बाल्कनीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसले होते. मी त्यांना मोठ्या अंगाचे म्हणून ओळखत होते. आता सदऱ्यात कोणी नसल्यासारखं दिसत होतं.

"आला काय," काका म्हणाले.

"भिंतीले भेग गेली तुयामुळं," नाना म्हणाले. "छतापर्यंत."

"बुजव मंग. मी काही येऊ शकत नाही."

नाना खाटेच्या कडेला बसले. खिशातून तुकडा काढला आणि काकांच्या हातावर ठेवला. काकांनी तो डोळ्यांजवळ नेला. बोट टाक्यांवरून फिरवलं. हातचा टाका कोणाचा ते त्यांना विचारावं लागलं नाही. माझ्या सासूबाईंच्या हातची कढी त्यांनी आयुष्यभर भिंतीवर ठोकून मागून खाल्ली होती.

"हा तं तुया घरचा वाटा आहे," काका म्हणाले. "पारा सोडला त्याले नसते. तूच सांगत होता जगाले."

"हव. नसतेच."

"मंग तुले काय राहिलं?"

नानांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर नुसत्या टाक्या होत्या, गच्च्यागच्च्यांवर काळ्या टाक्या.

"मी तं तिथंच हावो," ते म्हणाले. "माह्यावर अख्खा आहे."

काकांनी तुकडा मुठीत धरला, मूठ उशीखाली सरकवली आणि डोळे मिटले. त्यांच्या श्वासाचा आवाज खरोखरच मोठा होता. आम्ही दिवेलागणीपर्यंत बसलो. नाना एकदा हात लांब करून खाटेच्या फळीवर बोटं वाजवू लागले, मग थांबले. काकूंनी चहा दिला. या वेळी आम्ही सगळ्यांनी घेतला.

वैशाखात एका पहाटे फोन वाजला. मी उचलला, काकू होत्या. आवाज कोरडा होता. त्यांनी फोन नानांकडे द्यायला सांगितलं. काका गेले होते, घरात माणसं जमत होती, मुलगा सामान आणायला गेला होता, आणि त्यांना एकच विचारायचं होतं. तुकडा ठेवायचा तो कसा ठेवायचा. किरणाची बाजू वर की खाली. त्यांच्या घरात हे करणारी त्यांची सासू होती, आणि या नव्या वसाहतीत विचारायला कोणी नाही.

नाना फोन धरून उभे होते, धोतराचा सोगा अजून खोचायचा होता.

"खाली," ते म्हणाले. "किरण खाली, वहिनी. देवाकडं जी बाजू होती, ती त्याच्याकडं."

 नाना फोन कानाला धरून राहिले. शेवटी काकू 'तुकडा ठेवला' म्हणाल्या असाव्यात, कारण नाना "हव" म्हणाले आणि मला म्हणाले, स्कूटी काढ, पोचलं पाहिजे.